गेटिसबर्ग, २ जुलै १८६३: त्या २६२ जणांतला एकही थांबला कसा नाही?

उनाड_पाऊल
राम राम मंडळी,

गेल्या महिन्यात पेनसिल्व्हेनियात गेटिसबर्गला जाऊन आलो. मी राहतो मिनेसोटात (थंडीवरचे विनोद ऐकून झालेत, नवीन असेल तरच टाका), त्यामुळे 'आपल्या' पलटणीची जागा बघायची हे ठरवूनच निघालो होतो. फर्स्ट मिनेसोटा इन्फंट्री. तिची गोष्ट थोडक्यात सांगतो आणि मग एक प्रश्न विचारतो. तो तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

अमेरिकेतल्या यादवीचं तिसरं वर्ष. गेटिसबर्गची लढाई तीन दिवस चालली, हा दुसरा दिवस. उत्तरेची फौज सिमेट्री रिज नावाच्या टेकाडावर रांगेने उभी. रिज म्हणजे काही सह्याद्रीची धार नव्हे. गाडीतून गेलात तर चढ लागला हेही कळणार नाही. सिकल्स नावाच्या जनरलने वरिष्ठांना न विचारता आपली फौज रांगेतून काढून पुढे पीचच्या बागेपर्यंत नेली. तिथे दक्षिणेकडच्यांनी तिला झोडपलं, आणि जिथून ती निघाली होती तिथे रांगेत भगदाड पडलं. संध्याकाळी सातच्या सुमाराला अलाबामाची विल्कॉक्सची ब्रिगेड नेमकी त्या भगदाडाकडे येताना उत्तरेच्या जनरल हॅनकॉकला दिसली. हजाराच्या वर माणसं. कुमक यायला पाच-दहा मिनिटं लागणार होती. जवळ एकच पलटण होती, तीही एका तोफखान्याच्या राखणीला ठेवलेली. आठ कंपन्या, २६२ माणसं.

हॅनकॉक घोडा दौडवत आला. विचारलं, ही कुठली पलटण? कर्नल कोल्विल म्हणाला, फर्स्ट मिनेसोटा. समोरच्या शत्रूच्या निशाणाकडे बोट करून हॅनकॉक म्हणाला, ते घेऊन ये.

पलटण उतारावरून ओढ्याकडे सुटली. अंदाजे ३०० यार्ड. बंदुका उजव्या खांद्यावर आणि धावतानाही रांग सरळ. ओढ्याजवळ पोचल्यावर संगिनी पुढे केल्या, अलाबामाची पहिली फळी मागच्या फळीवर रेलली, आणि मग अगदी जवळून गोळीबार. पंधराएक मिनिटं. अंधार पडता पडता विल्कॉक्सची ब्रिगेड परत फिरली. स्मारकावर लिहिलंय की २६२ पैकी २१५ पडले (ठार आणि जखमी मिळून), ४७ रांगेत उरले, आणि बेपत्ता एकही नाही.

ते अंतर मी चालून बघितलं. गुडघ्यापर्यंत गवत आहे. कुठे झाड नाही, की मागे बसता येईल असा दगड नाही.

तर प्रश्न. हॅनकॉकने पाठवलं ते ठीक, ते त्याचं कामच होतं. पण ही पोरं नवखी नव्हती. दोन वर्षं लढाया बघितलेली होती. समोरचा आकडा त्यांना दिसत होता. तरी एकही थांबला कसा नाही?

तिरकस
पहिला! :)
सविस्तर प्रतिसाद चहा झाल्यावर.

मैना
छान लिहिलंय. वाचताना पावनखिंड आठवली. १६६०, बाजीप्रभू, तीनशे मावळे. तिथेही सौदा वेळेचाच होता.

खडूसकाका
मैना, पावनखिंड आठवणारच, पण फरक बघा. बाजींच्या माणसांना माहीत होतं की आपण कोणासाठी उभे आहोत आणि कधीपर्यंत. राजे विशाळगडावर पोचले की तोफा वाजणार. मिनेसोटावाल्यांना 'ते निशाण घे' एवढंच सांगितलं. पाच मिनिटं विकत घ्यायची आहेत हा हिशोब हॅनकॉकच्या डोक्यात होता. तो त्याने नंतर बोलून दाखवला. पलटण जवळपास संपणार हे ठाऊक होतं आणि तरीही पाठवली असती, असंच तो म्हणायचा.

शिवाय खिंड अरुंद. तीनशे तिथे तीन हजारांना पुरतात. इथे उघडं रान.

मला उलट नेसरी आठवली. प्रतापराव आणि सहा स्वार, १६७४. पण तिथे रागाचा भाग होता, इथे राग कुठेच दिसत नाही.

आकडेमोड
उनाड_पाऊल, रसभंगाबद्दल आधीच माफी. स्मारकावरचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

२ तारखेला २१५ पडले. ३ तारखेला दक्षिणेच्या जनरल पिकेटच्या हल्ल्यात आणखी १७, हेही त्याच स्मारकावर आहे. बेरीज २३२. सरकारी नोंदीत दोन्ही दिवसांची मिळून ५० ठार, १७३ जखमी, १ बेपत्ता, म्हणजे २२४. आठ माणसं कुठे गेली? आणि 'बेपत्ता एकही नाही' म्हणताना तो एक कोण?

२६२ वरही वाद आहे. एक कंपनी पहाऱ्याच्या कामावर होती, एक पुढे टेहळणीला पाठवलेली, नेमबाजांची वेगळीच. कोणाला धरायचं आणि कोणाला वगळायचं यावर टक्केवारी हलते. ८२ टक्के हा आकडा सगळीकडे छापतात. हजर माणसं जास्त धरली की तो खाली येतो. 'यादवीतलं सर्वांत मोठं प्रमाण' असंही बिनधास्त लिहितात, पण अँटिएटमला १८६२ मध्ये दक्षिणेच्या फर्स्ट टेक्सासने २२६ पैकी १८६ गमावले होते. तेही ८२ टक्केच.

शौर्य कमी होतं असं म्हणत नाही. हिशोब चुकलाय एवढंच.

तिरकस
आकडेमोड, तुम्ही लग्नाच्या पंगतीतही पानं मोजत असाल. ह. घ्या.

आता चहा झालाय, तर सिकल्सबद्दल. या माणसावर वेगळा धागा निघू शकतो. १८५९ मध्ये बायकोच्या प्रियकराला व्हाइट हाउससमोरच्या चौकात भर दिवसा गोळ्या घातल्या आणि 'त्या क्षणी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं' या बचावावर निर्दोष सुटला. मग जनरल झाला. गेटिसबर्गला पाय गमावला. तो पाय त्याने सैन्याच्या वैद्यकीय संग्रहालयाला देऊन टाकला आणि पुढे त्याला भेटायला जायचा. हाडं अजून ठेवलेली आहेत. चूक याची, २१५ माणसं दुसऱ्याची, आणि म्हातारपणी शौर्यपदकही यालाच!

सई_लिहिते
तिरकस, =))

पण कोल्विलचीही गंमत ऐका. या हल्ल्याच्या तीन दिवस आधी, २९ जूनला, हा कर्नल चक्क अटकेत होता! सैन्य मेरिलँडमधून उत्तरेला पळत होतं, त्या एका दिवसात तीसच्या वर मैल चाल झाली. वाटेत ओढा लागला. वरून हुकूम होता की रांग न मोडता सरळ पाण्यातून जा, वेळ घालवू नका. पोरांनी बाजूला ओंडके बघितले आणि पाय भिजू नयेत म्हणून त्यावरून एकेक करत पलीकडे गेली. कर्नलने थांबवलं नाही, म्हणून कर्नलला अटक. २ जुलैला त्याला पलटण परत मिळाली, आणि त्याच संध्याकाळी हॅनकॉक समोर येऊन उभा राहिला. खांद्यात आणि पायात गोळ्या लागल्या, पुढे आयुष्यभर काठी.

१९०५ मध्ये सेंट पॉलच्या नव्या विधानभवनात जुन्या पलटणींची निशाणं समारंभाने न्यायची होती. म्हातारे सैनिक गोळा झाले होते. कोल्विल आदल्या रात्री झोपेतच गेला.

नवखा_वाचक
ओंडक्यावरून गेले म्हणून अटक?? आमच्या हापिसात असा एक साहेब होता. प्रकल्प बुडाला तर बोलायचा नाही, पण फॉर्म चुकीच्या शाईत भरला की मेमो.

भटक्या_कोकणी
ओल्या मोज्यात चालून बघा एकदा. जुलैत वासोट्याच्या वाटेवर माझे मोजे सकाळी भिजले, संध्याकाळी टाचेची कातडी मोज्याबरोबर निघाली. आणि आमचं चालणं ते किती, बारा-तेरा किलोमीटर. ही माणसं लोकरीच्या कपड्यांत, पाठीवर ओझं, खांद्यावर बंदूक, जूनच्या उन्हात तीस मैल. कर्नलला कळत होतं. साहेबाला घोडा होता.

मैना
भटक्या_कोकणी +१. 'साहेबाला घोडा होता' हे काचेत लावून ठेवावं.

निवृत्त_हवालदार
नमस्कार. मी इथे सहसा नुसता वाचतो. बावीस वर्षं पायदळात काढली, बेळगावला रंगरूट म्हणून गेलो तिथपासून. मूळ प्रश्नाला उत्तर द्यावंसं वाटलं.

साहेब, तुमचा प्रश्न बाहेरच्या माणसाचा आहे. राग मानू नका. तुम्ही ते मैदान एकट्याने चाललात, म्हणून तुम्हाला झाड दिसलं नाही, दगड दिसला नाही. रांगेतला माणूस झाड बघत नाही. त्याला उजव्या बाजूचं कोपर लागत असतं आणि डाव्या बाजूचं कोपर लागत असतं. त्या जमान्यात तर खांद्याला खांदा लावूनच चालायचे. मधला एकटा थांबला तर मागच्या रांगेतला त्याच्या पाठीवर आदळणार. थांबायला जागाच नसते.

दुसरं. ही पलटण कुठून कुठून भरती झाली होती, ते कोणी सांगेल का? माझा अंदाज आहे, पण आधी खात्री करतो.

उनाड_पाऊल
हवालदारसाहेब, स्वागत! अशाच प्रतिसादासाठी धागा काढला होता.

भरती गावानुसार. ए आणि सी कंपनी सेंट पॉलच्या, बी स्टिलवॉटरची, डी मिनियापोलिसची, एफ रेड विंगची, जी फॅरिबोची, के विनोनाची. कोल्विल आधी रेड विंगच्या कंपनीचा कप्तान होता. एप्रिल १८६१ मध्ये फोर्ट समटर हा किल्ला दक्षिणेकडे पडला आणि युद्ध पेटलं, तेव्हा मिनेसोटाचा गव्हर्नर रॅमसी योगायोगाने वॉशिंग्टनमध्येच होता. तो उठून युद्धमंत्र्याकडे गेला आणि हजार माणसं देऊ केली. अशी तयारी दाखवणारं हे पहिलं राज्य, आणि राज्य होऊन जेमतेम तीन वर्षं झालेली. द्यायला गणवेशसुद्धा नव्हते, लाल फ्लॅनेलचे सदरे घालून कवायत केली. बरेच जण लाकूडतोडे, शेतकरी, गिरणीतले.

निवृत्त_हवालदार
मग झालं तर. हाच अंदाज होता.

शेजारचा माणूस गावचा असला की पळता येत नाही. पळालो आणि वाचलो, तर जायचं कुठे? त्याच गावात. त्याच्या आईच्या दारावरून पाण्याला जायचं. आमच्याकडेही एका तालुक्यातली पोरं एका कंपनीत असायची. सुट्टीवर निघालो की प्रत्येकाची चिठ्ठी, लोणच्याची बरणी पोचवायची. अशा माणसाला सोडून मागं फिरणं म्हणजे बरणीचं काय सांगणार घरी?

आणि हजारांचे दोन वर्षांत तीनशे झाले होते ना? पळणारे बुल रनलाच, म्हणजे पहिल्या मोठ्या लढाईतच, पळाले असतील. आजारी पडायचे ते पडले, मरायचे ते मेले. २ जुलैला उभे होते ते गाळून उरलेले. तुम्ही विचारता एकही थांबला कसा नाही. थांबणारा तिथे उरलाच नव्हता.

खडूसकाका
__/\__

मैना
हवालदारसाहेब, आदर ठेवून थोडी असहमत. बरणीचं वाचून गलबलले, खोटं नाही सांगत. पण पळून जाणाऱ्याला त्या सैन्यात गोळी घालायचे, हेही विसरू नये. 'गावाची लाज' हा त्याच बंदोबस्ताचा दुसरा हात झाला. २१५ घरांत पुढे काय झालं, ते कोणी स्मारकावर लिहीत नाही.

निवृत्त_हवालदार
मैनाताई, बरोबर आहे तुमचं. लाज म्हणा, माया म्हणा. रांगेत असताना त्यांत फरक करता येत नाही. घरी आल्यावर येतो.

वऱ्हाडी_ठेचा
काय राजेहो, धाग्यात कापूस कसा नाही आला अजून? ही यादवी सुरू झाली अन् दक्षिणेकडचा कापूस अडला, म्हणून मँचेस्टरच्या गिरण्यांले आमचा वऱ्हाड-खानदेश आठवला. भाव असे चढले की मुंबईत पैशाचा पाऊस. प्रेमचंद रायचंद, बॅकबे रेक्लमेशनचे शेअर, सारा तमाशा त्याच चार-पाच वर्षांतला. १८६५ मध्ये तिकडं बंदुका थांबल्या अन् इकडं बाजार आपटला. शेठ लोकं बुडाले ते पुस्तकात हाय. कास्तकार कर्जात गेला ते १८७५ ले सावकारांविरुद्धच्या सुप्याच्या दंग्यात दिसलं.

म्हणजे तिकडं शांतता झाली की इकडं दिवाळं. आमचं नशीबच असं हाय बा.

आकडेमोड
सहमत, एक भर घालून. सुप्याच्या दंग्याला कापसाशिवाय सारावाढ आणि सावकारी हीही कारणं होती. दहा वर्षांचं अंतर आहे मध्ये.

वऱ्हाडी_ठेचा
आकडेमोड भाऊ, कर्ज दहा वर्षं चालते. आमच्याकडं तर तीन पिढ्या चालते.

सई_लिहिते
अवांतर चालूच आहे तर एक जोड. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या लोकांना, काळ्या लोकांना गुलामीतून सोडवण्यासाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल. गेटिसबर्गनंतर अवघ्या दहा वर्षांत, पुण्यात बसलेल्या माणसाने! मला दर वेळी काटा येतो. ती अर्पणपत्रिका वाचताना 'त्याग' हा शब्द मोघम वाटायचा. आज त्यात ओढ्याजवळचे २१५ दिसले.

काळी_चिमणी
सई, सुंदर. पण चित्र पूर्ण करूया. त्याच मिनेसोटात १८६२ मध्ये, ही पलटण पूर्वेला लढत असताना, डकोटा लोकांशी युद्ध झालं. करारातले पैसे आणि धान्य वेळेवर मिळालं नाही, माणसं भुकेने मरायला टेकली, तिथून भडका. शेकडो गोरे वसाहतवालेही मारले गेले. २६ डिसेंबर १८६२ ला मॅनकाटोत ३८ डकोटांना एकाच वेळी फाशी दिलं. बायका-मुलांना त्या हिवाळ्यात फोर्ट स्नेलिंगखालच्या छावणीत कोंडलं, त्यात कित्येक मेले. फोर्ट स्नेलिंग म्हणजे जिथे लाल सदऱ्यांत कवायत झाली तोच किल्ला.

पलटणीचा यात हात नव्हता, ती तिथे नव्हतीच. पण रॅमसी तोच. हजार माणसं देऊ करणारा, आणि डकोटांना राज्याबाहेर हाकला किंवा संपवा म्हणणाराही.

उनाड_पाऊल
काळी_चिमणी, हे मूळ लेखात यायला हवं होतं. फोर्ट स्नेलिंग माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. नदीकाठी, किल्ल्याच्या खालच्या अंगाला, छावणीची जागा आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी वरच्या तोफा बघूनच परत आलो होतो.

तिरकस
जरा हलकं करतो. ३ जुलैला याच पलटणीच्या मार्शल शेरमनने अठ्ठाविसाव्या व्हर्जिनियाचं निशाण पकडलं. ते अजून मिनेसोटाच्या इतिहास संस्थेत आहे. व्हर्जिनियावाले पुन्हा पुन्हा परत मागतात. एकदा गव्हर्नर होता जेसी व्हेंचुरा, पूर्वाश्रमीचा कुस्तीवाला. तो म्हणाला, का द्यायचं? आम्ही जिंकलो होतो की! २०१३ मध्ये दीडशे वर्षं झाली म्हणून नुसतं उसनं मागितलं, तेही दिलं नाही.

नवखा_वाचक
आणि आपल्याला वाघनखं मिळाली तीही तीन वर्षांच्या बोलीवर. लंडनवाल्यांनी व्हेंचुराकडे शिकवणी लावलेली दिसते.

खडूसकाका
वाघनखांवर गाडी जाऊ देऊ नका, धागा शतकी होईल आणि मूळ विषय राहील बाजूला.

उनाड_पाऊल, त्या ४७ जणांचं दुसऱ्या दिवशी काय झालं, ते नीट सांगितलंच नाहीत.

उनाड_पाऊल
बाहेर पाठवलेल्या कंपन्यांपैकी काही परत आल्या, म्हणून रांग जरा भरली. कोल्विल जखमी, त्याच्या खालचे दोघे वरिष्ठही जखमी, म्हणून कप्तान मेसिककडे पलटण आली. ३ तारखेला पिकेटचा हल्ला जवळपास त्यांच्यासमोरच आला, त्यात मेसिक ठार. निशाणाचा दांडा गोळीने तुटला. आदल्या संध्याकाळीही निशाण उचलणारे एकामागून एक पडले होते. आता ओब्रायन नावाच्या कॉर्पोरलने ते उचललं आणि पुढे धावला, त्यामागे बाकीचे. त्याला पदक मिळालं.

पण मला जास्त लागलं ते दुसरंच. आयझॅक टेलर नावाचा सैनिक रोजनिशी लिहायचा. भाऊ पॅट्रिक त्याच पलटणीत. २ तारखेला आयझॅक पडला. पॅट्रिकला तो सकाळी सापडला, दगडी कुंपणाजवळ त्याने त्याला पुरलं, आणि मग त्याच वहीत पुढची नोंद स्वतः केली. ही वही ज्याची, तो २ जुलैला सूर्यास्ताच्या सुमाराला तोफगोळ्याने मारला गेला. तोंड शत्रूकडे होतं.

निवृत्त_हवालदार
शेवटचं वाक्य आईसाठी लिहिलंय.

मैना
...

आकडेमोड
यावर काही मोजत नाही.

भटक्या_कोकणी
उनाड_पाऊल, एक बारकी शंका. ज्या ओढ्यापर्यंत ते गेले, त्याला पाणी होतं का? म्हणजे तुम्ही गेलात तेव्हा?

उनाड_पाऊल
प्लम रन. नाव मोठं, ओढा आपल्याकडच्या पाटाएवढा. १८६३ च्या त्या जुलैत कोरडाच होता म्हणतात, पात्रात उतरून आडोसा घेता आला तो त्यामुळेच. मी गेलो तेव्हा आदल्या रात्री पाऊस झालेला, घोट्याएवढं पाणी आणि खाली चिखल.

पलीकडे जायला ओंडका शोधला. नव्हता. हॉटेलवर येईपर्यंत मोजे ओलेच होते.